‘फक्त अलाइनमेंट करून द्या’: गाडी आदळल्यावर काय बिघडलंय ते शोधायचं कसं

गाडी खड्ड्यात आदळते. मालक उतरतो, टायरला एक लाथ मारून बघतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो आणि आठवडाभर तशीच चालवतो. मग माझ्याकडे येतो. ‘‘स्टिअरिंग जरा ओढतंय, फक्त अलाइनमेंट करून द्या.’’ हे ‘फक्त’ मी १९ वर्षं ऐकतोय. माझं काम व्हील अलाइनमेंटच्या रॅम्पवरचं. चार चाकांना चार क्लॅम्प लावायचे, स्क्रीनवरचे आकडे बघायचे, खाली उभं राहून टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) फिरवायचे. बघणाऱ्याला वाटतं, सगळं मशीनच सांगतं.

सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक छोटी राखाडी गाडी आली, फुटपाथच्या कडेवर तिरकी आपटलेली. टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) बिघडला होता, तो मी लावून दिला. कॅम्बर (समोरून बघताना चाक किती झुकलंय ते; वरची बाजू आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक) स्क्रीनवर लाल दिसत होता, पण त्या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नव्हती, म्हणून सोडून दिला. गाडी सरळ धावली, मालक खूश. दोन महिन्यांनी तीच गाडी परत दारात. पुढच्या एका टायरची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली होती. लोअर आर्म (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) वाकलेली होती आणि मी तिच्यावरच टो बसवून मोकळा झालो होतो. उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी मला पिटात उतरवलं आणि चाकापासून बॉडीपर्यंत एकेका भागावर बोट ठेवत विचारत गेले, ‘‘धक्का इथून शिरला. मग कुठे गेला? मग? मग?’’

तेव्हापासून माझी पद्धत तीच आहे. आवाज कुठून येतो हे नंतर. आधी धक्का कुठून शिरला आणि कुठे जाऊन थांबला, ते शोधायचं. हे तुम्हीही करू शकता, बरंचसं तर जॅकसुद्धा न लावता.

जागेवरच, निघायच्या आधी

आदळल्यावर करकचून ब्रेक मारू नका. वेग हळूहळू कमी करा, कडेला सपाट जागा बघून थांबा, चारही इंडिकेटर लावा. इंजिन बंद करायच्या आधी डॅशबोर्डवर एक नजर टाका, कारण इंजिन बंद केलं की यातली बरीचशी माहिती जाते. लाल ऑइलची झारी पेटलेली दिसली तर मात्र बघत बसू नका, त्याच क्षणी इंजिन बंद. ‘समोरच्या वळणापर्यंत नेतो’ हे वाक्य इंजिनाच्या जिवावर उठतं. ऑइलचा दाब नसेल तर बेअरिंग घासून इंजिन जाम व्हायला काही मिनिटंही लागत नाहीत. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तरी तिथेच थांबायचं. पिवळे दिवे, म्हणजे एबीएस, टायरची हवा, इंजिन चेक, हे बहुतेक वेळा ‘लवकर दाखवा’ एवढंच सांगतात.

पेट्रोल-डिझेलचा वास आला तर सगळ्यांना गाडीबाहेर काढा आणि पुन्हा चावी फिरवू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल आणि मार फरशीला खालून बसला असेल, तर गोष्ट आणखी गंभीर. बॅटरी बहुधा त्या फरशीतच असते. धूर, फुसफुस, विचित्र गोडसर किंवा रसायनासारखा वास, बॅटरीची सूचना, यातलं काहीही आढळलं की लांब जा आणि मदत बोलवा. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, ती हाय व्होल्टेजची असते. चेपलेली बॅटरी कित्येक तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून अशी गाडी तपासून होईपर्यंत मोकळ्या जागेत ठेवायची, घराच्या किंवा दुसऱ्या गाडीच्या शेजारी नाही.

हे काही नसेल, तर मागे चालत जाऊन कशावर आदळलात ते बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. माझ्याकडे येणारे दहातले आठ लोक म्हणतात, ‘‘काहीतरी होतं.’’ काहीतरी म्हणजे काय? विटेएवढा दगड, ट्रकच्या टायरचा तुकडा, उघडं मॅनहोल? दगडाची उंची कळली तर गाडीखालचं काय काय त्याच्या वाटेत आलं असेल, ते अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

मग गाडी दोन-तीन मीटर पुढे घ्या आणि ती उभी होती ती जागा बघा. थेंब दिसले तर पांढरा कागद टेकवा. पाण्यासारखं, बिनवासाचं, एसीच्या बाजूला असेल तर ते एसीचंच पाणी, चिंता नको. हिरवं, गुलाबी, नारिंगी किंवा निळसर, बोटाला किंचित चिकट आणि गोडूस वासाचं असेल तर कूलंट. तपकिरी-काळं तेलकट असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल. कुजक्या अंड्यासारखा उग्र वास गिअर ऑइलचा. आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळा, बुळबुळीत ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइल समजा. ती गाडी टोइंगवरच जाते, यात दुसरं मत नाही.

समोरून काही धडकलं असेल, एखादं जनावर वगैरे, तर निघायच्या आधी बॉनेट दोन्ही हातांनी वर ओढून बघा. लॅच वाकलेला असेल तर बॉनेट बसल्यासारखं दिसतं आणि वेगात उघडून काचेवर येतं.

धक्क्याची वाट

आता उस्तादांचा प्रश्न. चाक खड्ड्यात सरळ आदळलं, तर धक्का टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), बेअरिंग आणि शॉकअप या वाटेने वर जातो. फुटपाथच्या कडेला चाक आडवं घासलं किंवा गाडी घसरून बाजूने आदळली, तर तो लोअर आर्म आणि टाय रॉडमधून आडवा शिरतो. शॉकअपला तो फारसा कळतही नाही, पण आर्म वाकते. दगड चाकांच्या मधून गेला, तर चाकांना काहीच होत नाही. मार इंजिनाखालचं प्लास्टिक कव्हर, ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं भांडं), सायलेन्सर आणि कधी पेट्रोलची टाकी खाते. समोरून धडक बसली, तर आधी एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर, त्याच्या मागे पंखा.

गाडी आदळली तेव्हा ब्रेक दाबलेला होता का, हेही मी विचारतो. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे येतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, शॉकअपला पिऊन टाकायला जागाच उरत नाही. तोच खड्डा, तोच वेग, पण ब्रेक दाबलेली गाडी जास्त मार खाते. म्हणूनच खड्डा अगदी समोर आला आणि टळणारच नसेल, तर त्याच्या आधी ब्रेक मारून चाक त्यात शिरताना पाय उचलायचा.

टायर आणि रिम

टायरची बाहेरची बाजू सगळे बघतात. आतली कोणी बघत नाही, आणि मार बऱ्याचदा तिथेच असतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाइलचा टॉर्च घ्या आणि पुढच्या चाकाची आतली बाजू बघा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरं चाक. मागच्या चाकांसाठी जमिनीवर वाकायला लागेल, वाका.

बाजूच्या भिंतीवर फुगा आलेला असेल, तर टायरच्या आतले धागे तुटलेत. हवा धरून ठेवणारा फक्त रबराचा पापुद्रा उरलाय. हा फुगा दुरुस्त होत नाही. आत पॅच लावून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करा आणि टायर बदला. तोवर स्टेपनी. ती बारीक, तात्पुरत्या वापराची असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, सहसा ताशी ८० किलोमीटर. फुग्याची एक खोड अशी की तो लगेच दिसेलच असं नाही. टायर फिरून तापतो, हवेचा दाब वाढतो आणि दोन-चार दिवसांनी फुगा वर येतो.

भिंतीवर आत दबलेली खोबण किंवा घडी दिसणं वेगळं. टायर तयार होताना दोन थर जिथे जोडले जातात, तिथे आत गेलेली एक उभी रेघ कधीकधी दिसते. ती नवीन टायरलाही असते. फुगा बाहेर येतो, रेघ आत जाते. हा फरक न कळल्याने लोकांनी चांगले टायर फेकलेलेही मी पाहिलेत.

रिमचं तसंच. स्टीलची रिम वाकते आणि ठोकून पुष्कळदा सरळ होते. ॲलॉय वाकतेही आणि चिरतेही. चीर केसाएवढी असते आणि आतल्या कडेवर असते. रोज थोडी हवा कमी होत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर साबणाचं पाणी रिम आणि टायरच्या सांध्यावर ओता, आतून-बाहेरून. बुडबुडे येतील तिथे रिम वाकलेली किंवा चिरलेली. चिरलेल्या ॲलॉयला वेल्डिंग करून देतात, पण मी माझ्या गाडीला ते लावणार नाही.

रिम वाकली आहे की नाही हे घरी बघायची एक सोपी युक्ती आहे. गाडी सपाट, टणक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला (मागचं चाक बघायचं असेल तर मात्र सोडलेला, नाहीतर ते फिरणार नाही), उरलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे. मग जॅकवर ते एकच चाक थोडं उचला आणि स्टँड लावा. शॉकअपला खडूचा तुकडा टेकवून तो रिमच्या कडेच्या अगदी जवळ धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. खडू आणि कडेमधली फट कमीजास्त होताना दिसेल. साधारण १ मिलिमीटरपेक्षा जास्त डोल असेल, तर तो वेगात स्टिअरिंगवर जाणवणारच. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं काय, हातही घालायचा नाही. खाली जायचं तर स्टँड लावून.

आता थरथर. साधारण ताशी ८० ते ११० च्या मध्ये स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढचं चाक. स्टिअरिंग शांत पण बसायची सीट थरथरत असेल, तर मागचं. खात्री करायची तर पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे लावून बघा. थरथर स्टिअरिंगवरून सीटवर गेली, तर बिघाड चाकात. जिथे होती तिथेच राहिली, तर तो हबच्या पलीकडे आहे. फक्त ब्रेक मारताना थरथर येत असेल तर डिस्क बघा. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल आणि पाय उचलला की जात असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट.

एक साधी गोष्ट विसरली जाते. बॅलन्सिंगसाठी रिमवर चिकटवलेलं शिशाचं किंवा जस्ताचं वजन आदळल्याने उडून जातं. नवं वजन लावलं की झालं. अशा गाडीला नवीन रिम विकणारेही असतात.

चाक आपल्या जागेवर आहे का

हा माझ्या कामाचा गाभा, त्यामुळे इथे थोडा वेळ घेतो.

मशीन नंतर. आधी नुसत्या बोटांनी मोजा. स्टिअरिंग सरळ करून चाक आणि वरच्या मडगार्डच्या कमानीतली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. मग चाकाच्या पुढची आणि मागची फट. एका बाजूला चाक कमानीत मागे सरकलेलं दिसलं, तर लोअर आर्म किंवा तिचा बुश (रबरी जोड) गेला. त्यानंतर टेप घ्या, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, दोन्ही बाजूंना. पाच-सहा मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही येतो. १० च्या वर गेला तर काहीतरी सरकलंय. अपवाद सांगायचा तर १९६१ साली आलेली रेनो ४. तिच्या मागच्या आडव्या टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) एकापुढे एक बसवलेल्या, त्यामुळे तिच्या दोन बाजूंच्या अंतरात कारखान्यापासूनच जवळजवळ ५ सेंटीमीटरचा फरक होता. तुमची गाडी तशी असण्याची शक्यता कमी.

गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बहुतेक वेळा पुढच्या एका चाकाचा टाय रॉड वाकलेला असतो. पण मागचं चाक आदळलं असेल, तरी हेच दिसतं. मागचा ॲक्सल किंचित तिरका झाला की गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि ती सरळ न्यायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. अशी गाडी कोणी पुढच्याच दोन चाकांचं अलाइनमेंट करून दिली, तर स्टिअरिंग फार तर सरळ होईल, पण गाडी तिरकीच राहील. म्हणून चारही चाकांचं माप मागा.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंटला पोहोचण्याआधी टायरची हवा बघा, थंड असताना. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा (दिशा ठरलेले टायर नसतील तर). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये. रस्ताही पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे किंचित उतरता असतो, त्यामुळे थोडी ओढ नैसर्गिक असते. शक्य असेल तर सपाट, मोकळ्या जागेत बघा.

आता कागद. अलाइनमेंट करताना ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ आकडे दोन्ही छापून घ्या. लोक फक्त नंतरचा, हिरवा कागद नेतात. रोग आधीच्या कागदात असतो. त्यात कॅम्बरशेजारी एसएआय नावाचा आकडा असतो, म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोकापासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंतची रेघ आत किती झुकली आहे ते. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज करायची आणि डावी-उजवी ताडून बघायची.

समजा, चांगल्या बाजूला कॅम्बर उणे ०.५ अंश आणि एसएआय १३ अंश. बेरीज १२.५. आदळलेल्या बाजूला कॅम्बर उणे २ आणि एसएआय १३ च. बेरीज ११. एसएआय जागेवर आहे, म्हणजे वरचं टोक आणि खालचा जॉइंट हललेले नाहीत. त्यांच्या मधलं काहीतरी वाकलंय: शॉकअप नाहीतर नकल (चाकाचा हब धरून ठेवणारा भाग). आता दुसरी शक्यता. कॅम्बर उणे २ पण एसएआय १४.५. बेरीज पुन्हा १२.५. म्हणजे शॉकअप-नकल आपसात ठीक आहेत, पण ते ज्याला धरून आहेत तेच सरकलंय. वरचं टोक आत आलंय, नाहीतर खालची बाजू बाहेर गेलीय. माझ्या त्या राखाडी गाडीत उलट झालं होतं. आर्म वाकून आखूड झाली, चाकाची खालची बाजू आत ओढली गेली, कॅम्बर अधिकात गेला, एसएआय कमी झाला, बेरीज तेवढीच राहिली. मला ती बेरीज करता आली असती तर मालकाचा एक टायर वाचला असता.

कॅस्टरही बघा, म्हणजे तीच रेघ बाजूने बघताना मागे किती झुकली आहे ते. चाक मागे ढकललं गेलं की त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी कॅस्टर कमी असलेल्या बाजूला ओढते.

वाकलेली आर्म, टाय रॉड किंवा नकल गरम करून, ठोकून सरळ करून द्यायला कोणी तयार झालं, तर गाडी परत घ्या. तो भाग दिसायला सरळ होतो आणि आत कमजोर राहतो, आणि या भागांवरच तुमचं चाक लटकलेलं आहे.

आवाज

काच खाली, गाणी बंद, पंखा बंद. सोबत कोणी असेल तर मागच्या सीटवर बसवा, कारण मागचे आवाज ड्रायव्हरला पुढचे वाटतात.

सुरुवात घाबरवणाऱ्या पण फुसक्या आवाजाने. चाक फिरलं की कर्र कर्र असा धातू घासल्याचा, दातांवर येणारा आवाज. एक बाई गाडी ढकलत आणायच्या बेतात होत्या, ‘ब्रेक गेले’ म्हणून. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याची ढाल असते, ती दगड लागून डिस्कला टेकली होती. मी स्क्रूड्रायव्हरने ती दोन मिलिमीटर मागे वाकवली. काम संपलं. कधीकधी ढाल आणि डिस्कच्या मध्ये एक खडाच अडकलेला असतो. चाकाच्या कमानीतलं किंवा इंजिनाखालचं प्लास्टिक सुटून टायरला किंवा रस्त्याला घासत असेल तर सर्रर्र असा आवाज येतो. तेही किरकोळ, पण लोंबतं ठेवू नका, बांधा किंवा काढा.

लहान खड्ड्यांवर टकटक होत असेल, तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडीचा झुकाव कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड. मोठ्या धक्क्याला ‘ठक्’ असा एकच घट्ट आवाज येत असेल, तर बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश. स्टिअरिंग जागेवर फिरवताना वरून ‘टंग’ असा स्प्रिंगचा आवाज येत असेल, तर शॉकअपचं वरचं माउंट किंवा स्प्रिंगचा तुटलेला वेढा. स्प्रिंग सहसा सगळ्यात खालच्या वेढ्याला तुटते, बशीत लपलेली असते, हात फिरवल्याशिवाय कळत नाही. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ताजा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर सील गेलंय. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ असेल, तर टाय रॉड एंड.

पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट येत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. आदळल्यावर त्याचा रबरी बूट फाटला का बघा. फाटल्यावर ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला गोल पट्टा पडतो. बूट आज बदलला तर जॉइंट वाचतो.

आणि घरघर. विमान लांबून यावं तशी, वेगाबरोबर वाढणारी. हे बेअरिंग. धक्क्याने आतल्या गोळ्या त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पाडतात, आणि ते खळगे आवाज करायला लागेपर्यंत आठवडे जातात. तोपर्यंत मालक खड्डा विसरलेला असतो. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं उजवीकडे वळवलं की वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर बहुधा डाव्या बाजूचं बेअरिंग, डावीकडे वळवल्यावर वाढली तर उजव्या.

पोटाखाली

ॲल्युमिनियमचं ऑइल चेंबर फुटतं, तेल सांडतं, सगळ्यांना कळतं. स्टीलचं चेंबर चेपतं आणि गप्प राहतं, म्हणून मला त्याचीच भीती वाटते. ऑइल खेचणारी जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. तळ वर चेपला की जाळीचं तोंड दाबलं जातं. एका गृहस्थांची तक्रार होती की गाडी वेगात असताना ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो, एरवी काही नाही, तेलही गळत नाही, लेव्हल बरोबर. सेन्सर बदलून झाला होता. चेंबरखाली हात फिरवला तर बशीएवढा पोचा. चेंबर उतरवलं, जाळीचा पाइप चिरलेला. सेन्सर खरं बोलत होता. चेंबरला पोचा आहे आणि दिवा लुकलुकतो, या दोन गोष्टी एकत्र असतील तर गाडी चालवत नेऊच नका.

सायलेन्सर लोंबत असेल तर बहुधा रबरी हँगर तुटलाय. एका ठरावीक आरपीएमलाच पत्र्यासारखी खडखड होत असेल तर उष्णतेची ढाल सैल झालीय. पण हलवल्यावर पाइपातून डब्यात खडे वाजावेत तसा आवाज आला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आतली सिरॅमिक जाळी फुटली. तिचे तुकडे वाट अडवतात आणि गाडीची ताकद जाते. एक्झॉस्ट कुठे फुटलाय असं वाटलं, तर काचा उघड्या ठेवूनच गाडी हलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रेडिएटरच्या बाबतीत एक सापळा. कूलंट सगळंच वाहून गेलं, की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहतो आणि काटा कधी कधी खाली येतो. ‘थंड झाली’ म्हणून लोक निघतात. हीटर लावून बघा. इंजिन गरम आहे आणि हीटरमधून थंड हवा येते, तर कूलंट नाही. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. समोरून मार बसला असेल, तर पंखा मोकळा फिरतो का तेही बघा. त्याची जाळी मागे दबून पात्याला लागते.

फेरी मारून बघणं

वरचं सगळं ठीक वाटलं तर आधी ताशी २० ने, रिकाम्या जागेत, दोन-तीनदा ब्रेक मारून. पेडल मऊ लागलं, खाली गेलं, किंवा गाडी ब्रेक मारताना एका बाजूला गेली, तर फेरी तिथेच संपली. मग ४०, मग ६०. हायवेचा वेग सगळ्यात शेवटी. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न टेकवता नुसता धरून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल, तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाल तर कोड पुसायच्या आधी लिहून घ्या. सी ००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर, आणि आदळल्यानंतर बहुतेक वेळा सेन्सर नाही तर त्याची वायर तुटलेली असते. पी ०४२० हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, तो वरच्या खडखडीशी जोडून बघा. अलाइनमेंटनंतर काही गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो, नाहीतर पिवळा दिवा पुन्हा येतो. बंपरमागे रडार असलेल्या गाडीत बंपर जरासा दबला तरी रडारचं तोंड फिरतं. १ अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होते, म्हणजे गाडीला शेजारच्या लेनमधलं वाहन आपल्या समोर आहे असं वाटू शकतं.

मेकॅनिककडे गेलात की ‘अलाइनमेंट करा’ असं सांगू नका. कशावर आदळली, कोणतं चाक, किती वेगात, ब्रेक दाबलेला होता का, तेव्हापासून काय बदललं, एवढं सांगा आणि फोटो दाखवा. काय करायचं ते त्याला ठरवू द्या. चाक उघडलं गेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने बघून घ्या. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, लहान गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर. त्याच वेळी टॉर्च घेऊन त्या टायरची आतली बाजू पुन्हा एकदा बघा, कारण फुगा यायचा असेल तर एव्हाना आलेला असतो.